समाधानकारक खुलासा

पंचफुलाताई, सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा नळ आला म्हणून, एकदा तो गेला की काय हे बघायला, आणि एकदा काहीच कारण नसताना. बोरगाव मेघ्यातल्या या दोन खोल्यांत मी येरझारा घालतो आहे आणि बायको वैतागली आहे. "काल जे कराचं ते करून आले ना तुमी? आता फरशी काऊन झिजवून राह्यले?" असं तिनं दोनदा विचारलं. तिचं बरोबर आहे. पण काल तुमच्या माघारी झालेल्या पुण्यानुमोदनाला येऊन मी जे केलं, ते तुमच्याशी बोलल्याशिवाय माझे पाय थांबायचे नाहीत. तुम्ही असता तर रोहण्यापर्यंत एसटीनं आणि पुढं पायी येऊन सांगितलं असतं.

तुम्ही कुठल्या, किती शिकलेल्या, किती वर्षं सरपंच, हे सगळं तुमच्या प्रशांतनं छापलेल्या पत्रिकेत आलं आहे. त्यात 'गावात नळ आणणाऱ्या' अशीही एक ओळ आहे. ती वाचून मला बरं वाटलं, पण फार वेळ नाही. नळ तुम्ही आणलात हे खरं. पण त्याच नळापायी तुम्हाला खुर्चीवरून उतरवलं, आणि उतरवणाऱ्यांच्या हातात जो कागद होता तो माझ्या अक्षरातला होता. हे पत्रिकेत नाही. प्रशांतला ते कालपर्यंत माहीतच नव्हतं.

मी तुमच्या गावचा ग्रामसेवक. सगळं गाव मला सेक्रेटरी म्हणायचं, तुम्हीही. मूळचा मी आर्वीच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. आमच्या दुकानात एक शिस्त होती, गिऱ्हाईकासमोर 'माहीत नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. गूळ कधी येणार? उद्या. तूरडाळ जुनी तर नाही? काल तर आली! बाबा म्हणायचे, दुकानदार डोकं खाजवायला लागला की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात शिरलंच समजा. ही शिकवण घेऊन मी सरकारी नोकरीत आलो आणि तिथं ती फारच उपयोगी पडली.

सरपंचाची जागा राखीव निघाली आणि तुम्ही निवडून आलात तेव्हा उपसरपंच वामनराव खुशीत होते. बाई चौथी शिकलेली, निंदण-वेचणीच्या मजुरीला जाणारी. सही ती करील, कारभार आपण करू, असा त्यांचा बेत. माझाही थोडाफार तोच होता, आता तुमच्यापासून काय लपवू? पहिल्याच दिवशी तुम्ही खुर्चीत बसलात, ठरावाचं बुक समोर ओढलंत आणि अक्षरावर बोट ठेवून इतक्या सावकाश वाचू लागलात की मला घाम फुटला. पानं उलटत मागच्याच आठवड्यातल्या सभेपर्यंत आलात आणि विचारलंत, "सेक्रेटरी, खाली सह्या हायेत अन् वर कोरंच काऊन हाय?"

मी समजावलं. ग्रामसभेला लोक कामं टाकून येतात, त्यांना घाई असते. म्हणून बुक आधी फिरवायचं, अर्धं पान सोडून खाली सह्या-अंगठे घ्यायचे आणि मजकूर ग्रामसेवकानं नंतर घरी बसून नीट अक्षरात लिहायचा. तुम्ही ऐकून घेतलंत. "म्हंजे पहिले अंगठा, मंग सौदा?" एवढंच म्हणालात. वामनराव हसले, मीही हसलो. तुम्ही काही हसला नाहीत.

त्या कोऱ्या जागेत काय लिहायचं तेही ठरलेलंच. सविस्तर चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर. आणि कोणी वाकडा प्रश्न विचारलाच, तर मा. सरपंच यांनी समाधानकारक खुलासा केला. ही वाक्यं मी इतक्या वेळा लिहिली होती की डोकं दुसरीकडं असलं तरी पेन चालायचं.

मग ते पाण्याचं नवीन धोरण आलं. आधी योजना सरकार आणायचं, सरकारच बांधायचं आणि गाव बघत बसायचं. आता म्हणे गावानं स्वतः मागणी करायची, ग्रामसभेत ठराव घ्यायचा, चर खोदायला श्रमदान द्यायचं आणि पुढं योजना आपली आपणच चालवायची. आजूबाजूची गावं बिचकली होती. सरकारनं अंग काढून घेतलं, अशी कुजबुज होती. तुम्ही मात्र ते परिपत्रक माझ्याकडून चारदा वाचून घेतलंत. का, ते मला उशिरा उमगलं. गावात विहिरी दोन. तुमच्या बौद्धवस्तीतली मार्चमध्येच तळाला जायची आणि मग तुमच्या बाया गावविहिरीवर यायच्या. कोणी हाकलायचं नाही, तसे दिवस राहिले नव्हते. फक्त नंबर शेवटचा लागायचा. मागून आलेली बाई पुढं भरून निघून जायची आणि तुमच्या बाया पाण्याचे हंडे-गुंड जमिनीवर ठेवून उभ्या.

सभेच्या आदल्या दिवशी आपलं पहिलं भांडण झालं.

"लोक उन्हाळ्याचं विचारतील," मी म्हणालो. "तुम्ही ठासून सांगा, बारमाही पाणी राहील."

"पन मले कुठं माहीत हाय?"

"ताई, माहीत कोणालाच नसतं. पण पुढाऱ्यानं माहीत नाही म्हटलं की लोक उठून जातात."

"काऊन जातीन? त्यायले तरी कुठं माहीत हाय?"

मी डॉक्टरचं उदाहरण दिलं. पेशंट समोर बसलेला असताना डॉक्टरच जर म्हणाला, मला माहीत नाही बुवा, तर पेशंट थांबेल का? तुम्ही बराच वेळ विचार केलात. "डाक्टर कसा हाय त्याच्यावर हाय ते," असं म्हणालात आणि बकऱ्या बांधायला निघून गेलात. मला वाटलं, पटलं.

शाळेच्या ओट्यावर सभा भरली. मी बुक फिरवलं, सह्या घेतल्या. तुम्ही योजना सांगितलीत, एक बोअर, एक टाकी आणि गल्लीगल्लीत नळ, आणि बापूराव उठले. बापूराव कोणत्याच पदावर नव्हते, पण त्यांना पटलं की निम्म्या गावाला पटायचं. "सरपंच बाई, बाकी सारं समजलं. एक सांगजा. मे महिन्यात बोअरले पानी राहीन काय?"

मी शेजारून पुटपुटलो, "राहीन म्हणा."

"मले माहीत नाई," तुम्ही म्हणालात.

मी मान खाली घातली ती थेट बुकात. संपलं सगळं, असंच वाटलं. दोन माणसं उठून गेल्याचं चपलांच्या आवाजावरून कळलं. पण तुम्ही बोलतच होतात. "पानी पाहनारे साहेब येऊन गेले. ते म्हनते, राहाले पाह्यजे. पन जमिनीच्या पोटात ते बी उतरले नाई अन् मी बी नाई. एक मातर मले पक्कं माहीत हाय. टाकी एकच राहीन. राह्यलं तं साऱ्यायले राहीन, आटलं तं साऱ्यायचं आटन. आता तुमी सांगा."

 मग बापूरावांचा आवाज आला, "माहीत नाई म्हनाचा दम हाय बाईत. खोटं तं नाई बोलून राह्यली." त्यांनी हात वर केला आणि त्यामागं बाकीचे हात वर गेले.

परत जाताना मी हेका सोडला नाही. "ठराव झाला हे नशीब समजा. दोघं उठून गेले, पाहिलं ना?" तुम्ही म्हणालात, "ते बैल बांधाले गेलते. बांधून परत येऊन बसले. तुमची मान बुकात होती." मी मानलं नाही. ती दोन माणसं परत आली की नाही, यावर आपण पुढं मी गावात असेपर्यंत वाद घातला. बोलायला दुसरं काही नसलं की तुम्ही मुद्दाम तो उकरायच्या.

पण त्या दिवशी ओट्यावरून उतरताना तुम्ही आणखी एक सांगितलं होतं. "बुकात बरोबर लिवजा, सेक्रेटरी. मी माहीत नाई म्हनली, ते बी लिवजा. उद्या कोनी म्हनीन का बाईनं शब्द देल्ला होता."

मी हो म्हणालो. घरी जाऊन लिहायला बसलो आणि पेन थांबलं. शेजारच्या एका गावाची फाईल नुकतीच परत आली होती, चर्चेत लोकांच्या शंका दिसतात म्हणून. तुमचं ते वाक्य कागदावर गेलं की आपलीही फाईल परत येणार, योजना हुकणार आणि तुमच्या बाया आणखी चार उन्हाळे गुंड खाली ठेवून उभ्या राहणार, असं मला दिसायला लागलं. आणि खरं सांगू? सरपंचानं भर सभेत 'माहीत नाही' म्हणावं आणि ते माझ्या सुवाच्य अक्षरात कायमचं राहावं, याची मला लाजही वाटली. म्हणून लिहिलं: 'ग्रामस्थ बापूराव यांनी उन्हाळ्यातील पाण्याबाबत विचारणा केली असता मा. सरपंच यांनी बारमाही पाणी राहील असा समाधानकारक खुलासा केला.'

एवढ्यावर थांबलो असतो तर तो फार तर कारकुनी आगाऊपणा म्हणता आला असता. दोन दिवसांनी तुम्ही ऑफिसात आलात. चष्मा फुटला होता तुमचा. "वाचून दाखवा," म्हणालात. मी बुक उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, 'सरपंच यांनी मला माहीत नाही असे सांगितले.' डोळ्यांसमोर एक आणि तोंडात दुसरं. माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही, ताई. किराणा दुकानदाराचा मुलगा शेवटी. तुम्ही समाधानानं मान हलवलीत आणि एकेक अक्षर काढत सही केलीत.

योजना मंजूर झाली. भूमिपूजनाला जिल्ह्याचे एक मोठे नेते आले, त्यांनी माईक हातात घेऊन सांगितलं की मे महिन्याच्या भर दुपारीही तोटी सोडा, पाणी आलं नाही तर मला येऊन विचारा. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तुमच्याकडं बघितलं, म्हटलं, याला म्हणतात बोलणं. तुम्ही कानाशी आलात. "टाळ्या झाल्या. रविवारी कुदळी घेऊन किती येते ते पाहू." रविवारी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फारसे आले नाहीत. पण बापूराव आले, त्यांची दोन्ही मुलं आली, आणि ज्यांनी तुमचं 'माहीत नाही' ऐकून हात वर केला होता ते बहुतेक सगळे आले. मला हे तेव्हाही दिसत होतं. दिसत असूनही बुकातली ती ओळ दुरुस्त करावी असं एकदाही वाटलं नाही.

आणि तो पहिला दिवस! गल्लीगल्लीत नळ आले. तुमच्या वस्तीतल्या नळाला धार लागली आणि बाया सवयीनं गुंड खाली ठेवून बाजूला उभ्या राहिल्या. धार तशीच वाहते आहे आणि पुढं कोणीच येत नाही. तुम्ही ओरडलात, "कोनाची वाट पाहून राह्यल्या वं? आपलाच नंबर हाय!" मग जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. त्या दिवशी मला वाटलं, माझं खोटं सत्कारणी लागलं. एवढा खूष मी नोकरीत दुसऱ्या कधीच झालो नाही, आणि म्हणूनच तो दिवस आठवला की जास्त टोचतं.

दोन उन्हाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला आणि एप्रिल संपता संपता बोअर धापा टाकू लागली. पाणी दिवसाआड झालं, मग चार दिवसांआड. तुम्ही रोज संध्याकाळी टाकीवर चढून काठी बुडवून बघायच्या आणि पंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर मला लिहायला लावायच्या. मी एकदा लिहिलं, 'पाणीपुरवठा सुरळीत करण्याचे प्रयत्न सुरू आहेत.' तुम्ही ते पदरानं पुसलंत. "हे वाचून कोनी गुंड भरून ठेवीन काय? लिवा, आज टाकी अर्धी. उद्याचं माहीत नाई." लोक फळा वाचून शिव्या घालायचे, आणि रात्रीच्या भांड्यात उद्याचं पाणी जपून ठेवायचे. तेही मी पाहत होतो.

वामनराव मात्र संधीचीच वाट पाहत होते. योजना बंद करा, आपल्या विहिरीच बऱ्या, असं ते उघड बोलू लागले. ज्याची त्याची विहीर. यात पाण्याची काळजी किती आणि तुमच्या वस्तीला पुन्हा शेवटच्या नंबरावर नेण्याची घाई किती, हे सगळ्यांना कळत होतं. अविश्वास ठराव आला. सरपंचांनी ग्रामसभेची दिशाभूल केली, असा आरोप.

विशेष सभेला तहसीलदार साहेब बसलेले. आत सदस्य, बाहेर खिडकीशी सगळं गाव. वामनरावांनी बुक उघडून ती ओळ मोठ्यानं वाचली. बारमाही पाणी राहील असा समाधानकारक खुलासा केला. खाली बाईची सही.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. आधी चुकीचं ऐकू आल्यासारखं, मग नीट.  तुम्ही साहेबांना म्हणालात, "बुकात हाय तं हाय. पन मी काय बोलली ते साऱ्या गावानं आयकलं. बापूराव, तुमीच विचारलं होतं नाई का?" खिडकीशी बापूराव होते. त्यांनी खाली बघितलं. त्या नोंदीखाली त्यांचीही सही होती, सगळ्यांच्याच होत्या. आणि घरी नळ कोरडा होता.

साहेबांनी मला विचारलं, "नोंद बरोबर आहे का?"

"होय साहेब," मी म्हणालो.

खोटी नोंद केली म्हटलं असतं तर त्याच दिवशी निलंबित झालो असतो. घरात मुलगी लहान, बाबांचं दुकान बंद पडलेलं. कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती. पण तुम्ही एका वाक्यात मला उघडं पाडू शकत होतात. 'यानं मले दुसरंच वाचून दाखवलं', बस. ते वाक्य तुम्ही बोलला नाहीत. का बोलला नाहीत, ताई? माझ्या नोकरीची दया आली? की मला वाचायला त्रास होतो, दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, हे वामनरावांसमोर कबूल करणं जिवावर आलं? गेली कितीतरी वर्षं मी एकदा हे उत्तर धरतो, एकदा ते. पहिलं खरं असेल तर मला मान वर करता येत नाही. दुसरं खरं असेल तर त्याहून येत नाही. एकदा विचारून टाकायला हवं होतं.

हात वर गेले, तुम्ही खुर्चीवरून उठलात, फळ्याशेजारून चालत घरी गेलात. फळ्यावर माझंच अक्षर होतं, उद्याचं माहीत नाही. महिन्याभरात पाऊस लागला, बोअर भरली, आणि नळ काही कोणी बंद केला नाही. तो आजही चालू आहे. माझी बदली वर्ध्याजवळ झाली, आजही नोकरी तिकडंच आहे. मी स्वतःच मागून घेतली, हेही आज सांगून टाकतो.

पुढं तुम्ही एकदाच या घरी आलात. सावंगीच्या दवाखान्यात तपासायला आला होतात, पिशवीत तुरीच्या शेंगा होत्या. चहा घेतलात, घर पाहिलंत, गावच्या गोष्टी सांगितल्या. बुकाचं नाव नाही. मी बसल्या जागी चुळबुळत होतो. माझी मुलगी पुस्तक घेऊन आली, तर तुम्ही तिला जवळ बसवून वाचायला सांगितलंत. ती घाईघाईनं वाचू लागली, मधलं गाळू लागली. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात. "हळू वाच, बाई. जसं लिवलं हाय तसंच वाचजो." माझ्याकडं तुम्ही पाहिलंसुद्धा नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच पाणी पीत उभा राहिलो.

शेवटची भेट सावंगीच्या वॉर्डात. त्या दिवशी मी ठरवून आलो होतो, आज बोलून टाकायचं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. प्रशांतनं विचारलं, ऑपरेशननं आई बरी होईल ना? त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही प्रयत्न करू. पण किती उपयोग होईल, हे आत्ता मला सांगता येत नाही." प्रशांत भडकला. दुसरीकडं नेतो, नागपूरला नेतो म्हणू लागला. तुम्ही त्याला गप्प केलंत. "हिच्याच हातानं कराचं. हे खरं बोलून राह्यली." आणि मग माझ्याकडं वळून, नाकात नळी असताना, असं काही हसलात! "सेक्रेटरी, हारले तुमी. डाक्टर म्हनते माहीत नाई. अन् मी कुठं उठून गेली?"

मलाही हसू आलं. हसता हसता माझं बोलणं राहिलं. नंतर नर्स आली, मग पाहुणे आले. पुढच्या वेळी बोलू, असं मनाशी म्हणत मी जिना उतरलो. पुढची वेळ आलीच नाही.

आता कालचं सांगतो. वंदना झाली, भोजनदान झालं, आणि मंडळी पंचायतीच्या हॉलमध्ये शोकठरावासाठी बसली. आता तिथं ग्रामसेविका आहेत, हुशार आहेत. त्यांनी ठरावाचं बुक माझ्यापुढं ठेवलं. "सर, बाईंच्या काळातले तुम्ही. अक्षरही तुमचं चांगलं. शोकठराव तुम्हीच लिहा." बुक आधीच फिरून आलं होतं. खाली सह्या, वर अर्धं पान कोरं.

मी त्या कोऱ्या पानाकडं किती वेळ बघत बसलो ते मला सांगता येणार नाही. मग लिहायला घेतलं. आधी हाताच्या सवयीनं 'कै.' लिहिलं, ते खोडून तुमच्याकडं म्हणतात तसं 'कालकथित' लिहिलं. श्रद्धांजलीच्या दोन ओळी झाल्या. पुढं लिहिलं, 'पाणी योजनेच्या ग्रामसभेत उन्हाळ्यातील पाण्याबाबत विचारले असता सरपंच पंचफुलाताई यांनी मला माहीत नाही असे सर्वांसमोर सांगितले होते. त्या सभेच्या नोंदीतील समाधानकारक खुलासा त्यांचा नाही. तो मी, त्या वेळचा ग्रामसेवक, याने आपल्या मनाने लिहिला, आणि त्यांना वाचून दाखवताना वेगळेच वाचून दाखवले.' खाली माझी सही.

मग उभा राहिलो आणि वाचलं. जसं लिहिलं होतं तसंच, अक्षर न गाळता. वाचून झाल्यावर म्हणालो, सह्या आधीच झालेल्या आहेत, ज्याला हा मजकूर मान्य नसेल त्यानं येऊन आपली सही खोडावी.

प्रशांत उठून उभा राहिला आणि परत बसला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, नंतर निरोप द्यायलाही आला नाही. त्याचं काही चुकलं नाही. बापूराव आता फार थकले आहेत, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "मले आयकू आलं होतं बाई काय बोलली ते," ते म्हणाले. "खिडकीशी मीच उभा होतो."  सही खोडायला कोणीच आलं नाही.

मग वामनराव बोलले. तेही वाळून गेले आहेत, पूर्वीची रग राहिलेली नाही. त्यांच्या आवाजात कावा नव्हता, खरंच काळजी होती. "सेक्रेटरी, याची नक्कल तालुक्याले जाईन. मंग तुमच्या नोकरीचं काय होईन?"

काही होत नाही, हे उत्तर माझ्या जिभेवर तयारच होतं. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता.

"मले माहीत नाई," मी म्हणालो.

मागून चपलांचा आवाज आला. दोन माणसं उठून दाराबाहेर गेली. या वेळी मी मान बुकात घातली नाही, ताई, दाराकडं बघत उभा राहिलो. एकानं तंबाखू थुंकली, दुसऱ्यानं कोपऱ्यावरच्या नळाला चूळ भरली. मग ते दोघंही परत आत आले आणि आपापल्या जागेवर बसले.